नवीन लॅपटॉप, विंडोज ११ आणि एनव्हीडीए: सहा महिने कानाने वापरून झाल्यावर

आमचं घर सोलापुरात, अशोक चौकाच्या पलीकडं. गल्लीत यंत्रमागाचे तीन कारखाने आहेत, सकाळी सुरू झालेला खटखटाट रात्री उशिरापर्यंत चालू असतो आणि त्या आवाजात मी कॉम्प्युटर वापरते, तोही कानाने. मला जन्मापासून दिसत नाही. शाळेत आठवी ते दहावीला मराठी आणि इतिहास शिकवते, प्रश्नपत्रिका काढणं, निकालाचे तक्ते, जीआर वाचणं, मेल, बँकेचं काम, सगळं स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं, माझा स्क्रीन रीडर एनव्हीडीए. दिवाळीच्या सुट्टीत नवीन लॅपटॉप घेतला, त्याला आता सहा महिने होऊन गेले, म्हणून लिहितेय. डोळस लोकांनी लिहिलेले रिव्ह्यू मी ढिगाने ऐकले पण त्यात स्क्रीन कशी, रंग कसे, गेम कसा चालतो हेच असतं, माझ्या कामाचं एक वाक्य सापडत नव्हतं.

जुना लॅपटॉप २०१६ चा होता, विंडोज १० वाला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ माझ्या जुन्या मशीनवर बसेना, कारण त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्याच्या पुढचा प्रोसेसर लागतो, माझा सहाव्या पिढीचा. सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेता येतात, ज्यांचं मशीन धडधाकट आहे त्यांनी तेवढं करून थांबलं तरी चालेल. माझ्या मशीनचं बिजागर तुटलं होतं, उघडताना एका हाताने धरावं लागायचं, त्यामुळं घ्यायचाच होता.

दुकान नवी पेठेतलं. तिथल्या पोराने माझं सगळं ऐकून घेतलं पण सवयीने परत परत स्क्रीनवरच यायचा, "मॅडम स्क्रीन बघा की, एकदम भारी हाय", मग त्याच्याच लक्षात आलं आणि गप्प झाला. मी म्हटलं, तू पाच मशीन माझ्यापुढं ओळीने ठेव आणि मला फक्त हात लावू दे. मालकांनी स्टूल आणून दिलं, अर्धा तास मी नुसते कीबोर्ड चाचपत बसले, कोणी घाई केली नाही. त्या अर्ध्या तासाचे मला फार उपकार वाटतात, कारण प्रोसेसर, रॅम हे सगळं आजकाल साधारण सारखंच, माझं काम अडतं ते कीबोर्डवर.

तर कीबोर्डबद्दलच जास्त लिहिते.

मी घेतलेला १५.६ इंची आहे, उजव्या बाजूला नंबर पॅड असलेला. नंबर पॅड मला हवाच होता कारण एनव्हीडीएच्या डेस्कटॉप लेआउटमध्ये नम लॉक बंद ठेवलं की त्याच बटणांवर ओळ, शब्द, अक्षर वाचता येतं, अकरा वर्षं माझा उजवा हात तिथंच बसलाय. पण आताच्या लॅपटॉपमध्ये नंबर पॅडची बटणं बारीक आणि एकमेकांना चिकटलेली असतात. पाचवरचा उंचवटा इतका पुसट की बोट फिरवून शोधावा लागतो. वरची एफ१ ते एफ१२ ची ओळ तर सलग, मध्ये फट नाही. जुन्या डेस्कटॉपच्या कीबोर्डवर चार चारचे गट असतात, एफ५ कुठं एफ९ कुठं ते बोटाला आपोआप कळतं. इथं मोजत जावं लागतं. यावर मी आईच्या टिकल्या वापरल्या, ती छोटी फुगीर टिकली मिळते ना ती, एक एफ५ वर, एक एफ९ वर, एक नंबर पॅडच्या पाचवर. महिनाभराने निघते, दुसरी लावायची. एक पाकीट वर्षभर पुरेल.

इन्सर्ट बटण वेगळं नाही, एफएन धरून दुसऱ्या बटणावर येतं. एनव्हीडीएची सगळी कमांड इन्सर्टवर असते त्यामुळं पहिल्या दिवशी मी हताश झाले, पण एनव्हीडीएमध्ये कॅप्स लॉकला एनव्हीडीए की करायची सोय आहे, ती चालू केली. खरं कॅप्स लॉक लागलं तर दोनदा पटकन दाबायचं. डावी करंगळी पंधरा दिवसात शिकली. आता मला उलट हेच बरं वाटतं, हात हलवावा लागत नाही.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो कोपायलटच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस उघडणाऱ्या बटणाने. २०२४ पासून नव्या लॅपटॉपवर हे बटण यायला लागलंय, आणि माझ्या मशीनवर ते आलंय अ‍ॅप्लिकेशन कीच्या जागी. डोळस माणूस माउसने उजवी क्लिक करतो, आम्ही अ‍ॅप्लिकेशन की दाबतो, दिवसातून शंभर वेळा. फाईल कॉपी करायची, नाव बदलायचं, चुकलेल्या शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त करायचं, सगळं त्या एका बटणावर. आता तिथं बोट गेलं की भलतीच विंडो उघडायची, फोकस तिकडं जायचा, आणि मी ज्या फाईलवर होते ती परत शोधत बसायचं. शिफ्ट एफ१० ने तेच काम होतं पण वरची ओळ मुळात आवाज आणि ब्राइटनेसवर लावलेली असते त्यामुळं शिफ्ट, एफएन आणि एफ१० असं तीन बटणांचं प्रकरण होतं. दोन गोष्टी केल्या. एक, एफएन लॉक लावून टाकलं म्हणजे एफ१० हे एफ१० च राहतं, माझ्या मशीनवर ते एफएन आणि एस्केपने होतं. दुसरं, पॉवरटॉइज नावाचं मायक्रोसॉफ्टचंच एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कीबोर्ड मॅनेजर असतो. कोपायलटचं बटण आतून विंडोज, शिफ्ट आणि एफ२३ अशी जोडी पाठवतं, ती जोडी पकडून तिला अ‍ॅप्लिकेशन कीचं काम द्यायचं. माझी मैत्रीण लातूरला असते, तीही दृष्टिहीन, कॉम्प्युटरमध्ये माझ्यापेक्षा कितीतरी पुढं. तिने एनव्हीडीएच्या रिमोट अ‍ॅक्सेसमधून माझ्या मशीनवर येऊन हे करून दिलं. एनव्हीडीए २०२५.१ पासून ही सोय आतच आलीय, वेगळं अ‍ॅडऑन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाकावं लागत नाही. माझा लॅपटॉप काय बोलतोय ते तिला लातुरात तिच्या कानात ऐकू येत होतं, ती तिथून बटणं दाबत होती आणि मी इथं ऐकत होते. वीस मिनिटांचं काम. त्या दिवशी मला खरंच रडू आलं.

अजून एक गोष्ट सगळ्यांनी दुकानातच तपासा. पॉवरचं बटण. पूर्वी ते कीबोर्डच्या बाहेर वेगळं असायचं, आता बऱ्याच लॅपटॉपवर ते कीबोर्डमध्येच, डिलीटच्या शेजारी बसवलेलं असतं, तसंच उंच, तसंच मऊ. निकालाचा तक्ता भरताना मी डिलीट समजून ते दाबलं आणि मशीन झोपलं. कानातला आवाज एकदम बंद. डोळस माणसाला स्क्रीन काळी झालेली दिसते, मला फक्त शांतता, आणि ती शांतता कशामुळं आहे ते कळायला मार्ग नसतो, मशीन अडकलंय का, एनव्हीडीए बंद पडलंय का, का इअरफोन निघालाय. नंतर पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बटण दाबल्यावर काहीच करू नको असं लावून टाकलं.

आता पहिल्या रात्रीचं सांगते, कारण नवीन मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला हे लागणार.

दुकानातला पोरगा म्हणाला, मी सगळं सेट करून देतो. मी नको म्हटलं. एकदा दुसऱ्याने सेट केलं की पिन त्याचा, अकाउंट त्याच्या पद्धतीने, आणि मग सहा महिन्यांनी काही अडलं की त्यालाच शोधत फिरायचं, हे मी आधीच्या मशीनला भोगलंय. सीलबंद घरी आणला. चालू केल्यावर थोडं थांबून कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकदम दाबलं की नॅरेटर, विंडोजमधलाच स्क्रीन रीडर, बोलायला लागतो, अगदी पहिल्या सेटअपच्या स्क्रीनवरसुद्धा. भाषा निवडणं, वायफाय, अकाउंट, पिन, सगळं मी स्वतः केलं. आई शेजारी बसून होती, "मी काही वाचून दाखवू का ग" म्हणत होती, लागलंच नाही.

मग एनव्हीडीए. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, एनव्हीडीए हा फुकट आणि ओपन सोर्स स्क्रीन रीडर आहे, ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केला, पुढं जेम्स तेह हा त्याचा मित्र सोबत आला, तोही अंधच. जॉज नावाचा दुसरा मोठा स्क्रीन रीडर आहे, तो चांगला आहे पण विकत घ्यावा लागतो आणि शिक्षकाच्या पगारात तो परवडत नाही. सोलापूरसारख्या गावातल्या किती मुलामुलींची नोकरी या फुकटच्या सॉफ्टवेअरवर उभी आहे ते मला विचारा.

जुनं मशीन सोडायच्या आधी मी त्यावर एक काम केलं होतं, एनव्हीडीएच्या मेनूतून पेन ड्राइव्हवर पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी कॉपी बनवली, आणि माझी सगळी सेटिंग त्यात घे असा टिक लावला. नव्या मशीनला पेन ड्राइव्ह लावला, तिथूनच एनव्हीडीए चालू केलं, तिथूनच इन्स्टॉल केलं आणि इन्स्टॉल करताना पोर्टेबलची सेटिंग या अकाउंटला कॉपी कर असा टिक येतो, तो लावला. बस्स. माझा आवाज, माझा वेग, अकरा वर्षांत एकेक करून शिकवलेले उच्चार, सगळं आलं. कीबोर्ड परका होता पण कानात बोलणारं माणूस ओळखीचं होतं. एक दोन जुनी अ‍ॅडऑन चालेनात कारण २०२५.१ ला अ‍ॅडऑन नव्याने जुळवून घ्यावी लागली, ती स्टोअरमधून अपडेट केली. साइन इन स्क्रीनवर पण एनव्हीडीए बोलावं म्हणून जनरल सेटिंगमध्ये एक टिक आहे तो विसरू नका, नाहीतर पिन टाकताना मशीन मुकं असतं.

विंडोज ११ मध्ये जे बदललंय ते डोळस लोकांना दिसण्यात बदललंय, स्टार्ट मधोमध आला वगैरे. मला त्याचं काहीच नाही, विंडोज की दाबून नाव टाइप करायचं हे तसंच आहे, विंडोज आणि १, २, ३ दाबून टास्कबारवरचं उघडतं तेही तसंच. माझं बदललं ते वेगळंच. विंडोज आणि ए दाबलं की पूर्वी नोटिफिकेशन यायची, आता वायफाय, ब्लूटूथ, आवाज हे येतं आणि नोटिफिकेशन गेली विंडोज आणि एनवर. फाईलवर मेनू उघडला की पूर्वी एका लाइनीत सगळं असायचं आणि कॉपीसाठी सी, डिलीटसाठी डी असं अक्षर दाबायची सवय, आता नव्या मेनूत कट, कॉपी, रिनेम हे वरती आडव्या पट्टीत असतं आणि बाकीचं 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागं. शिफ्ट एफ१० ने जुना पूर्ण मेनू येतो, मी तोच वापरते.

नोटपॅडचं सांगायलाच पाहिजे. मी वर्गात काय शिकवलं त्याची रोजची टिपणं नोटपॅडमध्ये ठेवते. पूर्वी न सेव्ह करता ऑल्ट एफ४ दाबलं की सेव्ह करायचं का असा प्रश्न यायचा आणि त्या प्रश्नावर मी अवलंबून होते. नव्या नोटपॅडने काही न विचारता बंद केलं. मला वाटलं पानिपतावरचं सगळं टिपण गेलं, तासभर काढलेलं. दुसऱ्या दिवशी सहज नोटपॅड उघडलं तर तेच टिपण जसंच्या तसं वाचून दाखवायला लागलं. आता ते टॅब ठेवतं आणि न सेव्ह केलेलंही परत उघडतं. चांगली सोय आहे हे मान्य, पण कुणीतरी तसं बोलून सांगायला हवं होतं. ऐकणाऱ्या माणसाला न बोललेली गोष्ट झालेलीच नसते.

मराठीचं आता. एनव्हीडीएमध्ये ई-स्पीकचा मराठी आवाज येतो. यांत्रिक आहे, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कळत नाही, पण मी वेग इतका वाढवलाय की आई म्हणते "तुझाही माग सुरू झाला का". वेगात गोड आवाज कामाचा नसतो, स्पष्ट आवाज लागतो, आणि ई-स्पीक कितीही पळवला तरी अक्षरं गिळत नाही. चुकतो कुठं, तर चहातला च आणि चाकातला च, जीव मधला ज आणि जवळ मधला ज. लिहिताना फरक नाही तर यंत्राला कसा कळणार, कानाला त्याची सवय होऊन जाते. मी दोन कॉन्फिगरेशन प्रोफाइल केलीत, एक मराठी आवाजाचं, एक इंग्रजीचं, आणि प्रत्येकाला एक शॉर्टकट. दहावीचा धडा तपासताना मराठी, मेल वाचताना इंग्रजी. टायपिंग इन्स्क्रिप्टमध्ये करते, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं, जे बोट पाहून शिकत नाही त्याच्यासाठी याच्याइतका नीट लेआउट नाही. विंडोज आणि स्पेसने भाषा बदलते आणि एनव्हीडीए कुठली लागली ते बोलतं. फक्त मराठी जोडताना फोनेटिक आलंय का इन्स्क्रिप्ट ते नीट ऐका आणि नको ते काढून टाका, नाहीतर प्रत्येक वेळी तीन भाषांत फिरावं लागतं.

जे नव्या लॅपटॉपने सुटलं नाही ते पण लिहिते. सहकारी शिक्षक अजून कृतीदेवमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका पाठवतात. त्या फाँटमध्ये डोळ्याला 'भारत' दिसतं पण आत साठवलेलं असतं एच, के, के, जे, आर. एनव्हीडीए तेच वाचतो, एच के के जे आर. पन्नास हजारांचं मशीन घ्या नाहीतर पाच लाखांचं, आत मराठी नाहीच तर ते वाचणार काय. कन्व्हर्टरमधून काढते पण जोडाक्षरांची चूक राहते आणि प्रश्नपत्रिकेत चूक चालत नाही. स्टाफ रूममध्ये मी माझा लॅपटॉप उघडून इअरफोन काढून सगळ्यांना ऐकवलं. त्या दिवसापासून दोघीजणी युनिकोडमध्ये पाठवतात. एका सरांनी विचारलं, "बाई, इतकी वर्षं तुम्ही असं ऐकत होता?" स्कॅन केलेल्या जीआरसाठी गूगल ड्राइव्हवर टाकायचं आणि गूगल डॉक्सने उघडायचं, मराठी मजकूर बऱ्यापैकी मोकळा होतो. तारखा आणि आकडे कुणाकडून तरी एकदा ताडून घेते.

आवाजाबद्दल दोन शब्द. ब्लूटूथ इअरफोन घेऊन बघितला, जमला नाही. बटण दाबलं आणि आवाज आला यात किंचित उशीर होतो आणि मध्ये शांतता गेली की पहिलं अक्षर खाल्लं जातं, "डिलीट"चं नुसतं "लीट" ऐकू येतं. ऑडिओच्या सेटिंगमध्ये बोलून झाल्यावर ऑडिओ जागा ठेवायची वेळ वाढवता येते, त्याने खाल्लेलं अक्षर परत येतं पण उशीर राहतो. त्यामुळं वायरवाला, आणि तोही एकाच कानात, दुसरा कान घराला आणि वर्गाला लागतो. म्हणून गोल ३.५ एमएमची पिन असलेलंच मशीन घ्या. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत लाउडस्पीकर आणि माग दोन्ही चालू असताना पण मी याच्यावर पहिल्या सत्राचे निकाल पूर्ण केले. आता एप्रिलात पारा चाळिशीच्या वर गेलाय आणि दुपारी लॅपटॉपचा पंखा घरघरतो, बाहेरच्या स्पीकरवर ऐकायचं म्हटलं तर तो आवाज आड येतो. दुपारी मी काम टाळते, पहाटे पाचला करते, तेव्हा मागही बंद असतात.

बॅटरी चांगली आहे, लाइट गेली तरी चार साडेचार तास निघतात. ब्राइटनेस शून्यावर ठेवते. एनव्हीडीएमध्ये स्क्रीन कर्टन पण आहे, स्क्रीन पूर्ण काळी होते, पुण्याला जाताना हुतात्मा एक्सप्रेसमध्ये मुलांचे मार्क भरत बसले तरी शेजारच्याला दिसत नाहीत. वजन आहे, रिक्षाने जाते म्हणून चालतं. टचपॅडला मनगट लागून फोकस उडतो, तो बंदच करून टाका.

मला ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबीच्या एसएसडीचा ४६,५०० ला पडला. त्याच पैशात १६ जीबीवाला मिळत होता पण त्याला नंबर पॅड नव्हता आणि बाणांची बटणं अर्धी होती, मी नको म्हटलं आणि अजून तरी त्याचा पश्चात्ताप नाही.

घ्यायला जाताना पेन ड्राइव्हवर पोर्टेबल एनव्हीडीए आणि तुमचा वायरवाला इअरफोन घेऊन जा. दुकानदाराला सांगा, डेमोच्या मशीनला लावून बघायचंय, काही इन्स्टॉल होत नाही, पेन ड्राइव्ह काढला की संपलं. नवी पेठेतल्या मालकांनी मला लगेच लावू दिलं. त्यानंतर त्यांनीच एनव्हीडीए स्वतःच्या पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवलंय, परवा फोन करून विचारत होते, "मॅडम, एक पोरगं आलंय मंगळवेढ्याचं, त्याला दिसत नाही, कोणता दाखवू?" मी त्यांना म्हटलं, त्याला आधी बसायला स्टूल द्या आणि सगळे त्याच्या हाताखाली ठेवा.